बेला कोण होती? हॅग्ली, क्विंटन आणि रोलराइटचे तीन दिवस

दिवस पहिला, शनिवार

आई बर्मिंगहॅमला आमच्याकडे आली त्याला दोन महिने झाले, लंडन बघून झालं, स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरचं घर बघून झालं, आणि आता तिला दुकानांतून फिरायचा कंटाळा आला होता. सहज विषय निघाला म्हणून मी तिला सांगितलं की इथून वीसेक किलोमीटरवर एका लॉर्डच्या रानात १९४३ साली झाडाच्या ढोलीत एका बाईचा सांगाडा सापडला होता आणि ती कोण हे आजवर कळलेलं नाही. आई मेथी निवडत बसली होती, तिने हात थांबवून विचारलं, "इतक्या वर्षांत तिची चौकशी करायला कोणीच आलं नाही?" म्हटलं नाही आलं. "मग जाऊया आपण."

झालं, ईस्टरची जोडून सुट्टी होतीच. शनिवारी नवऱ्याची ड्युटी होती म्हणून आम्ही दोघीच मूर स्ट्रीट स्टेशनवरून किडरमिन्स्टरच्या गाडीने निघालो. डब्यात थालीपीठं, थर्मासमध्ये चहा, आईच्या पायात माझे स्पोर्ट्स शूज आणि वर नऊवार... नाही, पंजाबी ड्रेस, चिखल असणार हे मी आधीच बजावलं होतं.

हॅग्ली स्टेशनवरून चालत गेलं की थोड्या वेळात पार्क लागतो. हॅग्ली हॉल म्हणजे लिटलटन घराण्याचा वाडा, १७५४ ते १७६० मध्ये जॉर्ज लिटलटनने बांधून घेतलेला, चारही कोपऱ्यांना चार बुरूजवजा मनोरे आणि मध्ये सरळसोट चौकोनी इमारत. घराणं मात्र त्याच्याही आधीपासून इथलंच, ब्रिटिश पार्लमेंट दारूगोळ्याने उडवायचा कट फसला तेव्हा पळालेले दोघे कटवाले जानेवारी १६०६ मध्ये हॅग्लीच्याच जुन्या घरात पकडले गेले होते. आता हॉल लग्नांना भाड्याने देतात. शेजारीच सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे, आम्ही तिथल्या आवारातून वाडा बघितला. चर्चमध्ये दोन म्हाताऱ्या बायका ईस्टरसाठी फुलं लावत होत्या, आई त्यांच्याकडे बघून हसली आणि त्यांनी तिच्या हातात एक डॅफोडिल दिलं, ते तिने दिवसभर पर्समध्ये देठ खुपसून सांभाळलं.

या वाड्याची स्वतःची एक भुताची गोष्ट आहे. जॉर्जचा मुलगा थॉमस, जो वाईट चालीचा म्हणून प्रसिद्ध होता, त्याला १७७९ च्या नोव्हेंबरमध्ये रात्री खोलीत पक्षी फडफडल्यासारखं वाटलं आणि मग पांढऱ्या कपड्यातली एक बाई दिसली, ती म्हणाली तीन दिवसांत मरशील. तिसऱ्या रात्री तो खरंच गेला, वय पस्तीस, इथे नाही तर एप्समला. त्याला धीर यावा म्हणून मित्रांनी घड्याळं पुढे करून ठेवली होती म्हणतात. आईला गोष्ट आवडली, पण तिने लगेच विचारलं, ती बाई कोण होती? बरोबरच आहे. लॉर्डची जन्मतारीख, मृत्यूची तारीख, कुठे गेला, सगळं लिहून ठेवलंय, आणि पांढऱ्या कपड्यातली बाई नुसतीच बाई.

पार्क संपून पलीकडे गेलं की हॅग्ली वूड. रान खाजगी आहे, त्यामुळे आत शिरलो नाही, हॅग्ली वूड लेनच्या कडेने चालत राहिलो. ब्लूबेल नुकती उमलायला लागली होती, सावलीत निळसर धूर पसरल्यासारखी, आणि रानलसणाचा वास एवढा की आई म्हणाली कोणीतरी चटणी वाटतंय.

१८ एप्रिल १९४३, रविवार. स्टोअरब्रिजची चार पोरं इथे चोरून शिकारीला आणि पक्ष्यांची घरटी शोधायला शिरली. त्यातला एक पोकळ बुंध्याच्या झाडावर चढला, वरून आत डोकावला तर कवटी. आधी वाटलं जनावराची असेल, मग त्याला चिकटलेले केस आणि पुढचे वेडेवाकडे दात दिसले. दुसऱ्याच्या जमिनीत चोरून शिरलेली पोरं, त्यांनी कवटी परत होती तिथे ठेवली आणि कोणाला सांगायचं नाही असं ठरवून घरी गेली. सगळ्यात धाकट्याला ते पचलं नाही, त्याने घरी सांगितलं. मला या सगळ्या प्रकरणात तो धाकटा पोरगा फार महत्त्वाचा वाटतो. तो गप्प राहिला असता तर ती बाई अजून तिथेच असती.

पोलिसांना बुंध्यात जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. बर्मिंगहॅमचे प्रोफेसर वेबस्टर यांनी तपासून सांगितलं ते असं: वय पस्तिशीच्या आसपास, उंची पाच फूट, निदान एकदा तरी बाळंत झालेली, मरून दीड वर्ष तरी झालेलं, म्हणजे साधारण १९४१ चा ऑक्टोबर. तोंडात टॅफेटा कापडाचा बोळा खुपसलेला होता. आणि झाडाचं तोंड इतकं अरुंद होतं की शरीर कडक झाल्यावर ते आत जाणं शक्यच नव्हतं, म्हणजे तिला अंग गरम असतानाच आत कोंबलं होतं. हे वाक्य आईला मराठीत सांगताना माझा आवाज बसला.

अंगावर गडद निळ्या आणि मोहरी रंगाच्या पट्ट्यांचं विणलेलं कार्डिगन. बोटातली अंगठी अगदी स्वस्तातली. आणि निळा क्रेप सोलचा बूट. या बुटावर पोलिसांनी केवढं काम केलंय! लँकशरच्या वॉटरफूटमधल्या कारखान्यापर्यंत माग काढला, तिथून विकलेले जवळजवळ सगळे जोड कोणी घेतले ते शोधलं, फक्त सहा जोड राहिले, ते डडलीच्या बाजारातल्या एका स्टॉलवर रोखीने विकले गेले होते, आणि तिथे धागा तुटला. रेशन कार्ड आणि ओळखपत्राचा जमाना, तरी ही बाई कोणाच्या यादीत नव्हती. दातांची माहिती डेंटिस्ट लोकांपर्यंत पोहोचवली, त्याचाही उपयोग झाला नाही. तिच्या मुलाचं काय झालं असेल, हे तर कोणी विचारल्याचंही माझ्या वाचनात नाही.

आता नावाबद्दल. हे मला नीट सांगायचंय कारण यातच सगळं आहे. ती सापडली तेव्हा तिला नाव नव्हतं. १९४४ मध्ये बर्मिंगहॅम आणि आसपासच्या भिंतींवर खडूने लिहिलेलं सापडलं, ल्युबेलाला विच-एल्ममध्ये, म्हणजे एल्मच्या त्या झाडात, कोणी टाकलं? कुठे "हॅग्ली वूड बेला". लिहिणारा कोण ते कळलं नाही, पण बेला हे नाव तिथून आलं, पोलिसांनीही तेच वापरलं. दुसरं म्हणजे विच-एल्म या शब्दातला विच म्हणजे चेटकीण नाही, तो जुना इंग्रजी शब्द आहे, त्याचा अर्थ लवचिक, वाकणारा, त्या झाडाच्या फांद्या लवतात म्हणून. स्पेलिंग वेगळं, उच्चार एक. पुढे विचबरी टेकडीवरच्या ओबेलिस्कवर पांढऱ्या रंगात जे लिहिलं गेलं, १९७० च्या दशकापासून पुन्हा पुन्हा, त्यात ते स्पेलिंग चेटकिणीचं झालं. स्पेलिंग बदललं आणि एल्मच्या झाडाचं चेटकिणीचं झाड झालं.

ओबेलिस्क बघायला आम्ही हमरस्ता ओलांडून शेतातल्या फुटपाथने वर गेलो. लिटलटननेच १७५८ च्या सुमारास उभा केलेला हा उंच चौकोनी स्तंभ, लांबूनच दिसतो. आई तीन ठिकाणी थांबली पण चढली. खालच्या दगडांवर अक्षरं होती, फिकट, पुसल्यावर उरतात तशी. आईला इंग्रजी वाचता येतं, तिने एकेक शब्द बोट न लावता, हवेत बोट फिरवत वाचला. मग म्हणाली, "प्रश्न कोणी टाकलं असा आहे. ही कोण, असा नाहीच."

जादूटोण्याची थिअरी १९४५ मध्ये मार्गरेट मरे या विदुषींनी मांडली. सांगाड्याच्या एका हाताची हाडं झाडापासून थोडी लांब सापडली होती, त्यावरून त्यांनी "हँड ऑफ ग्लोरी"चा संबंध जोडला, म्हणजे मेलेल्या माणसाचा हात कापून त्याची चोरांसाठी मंतरलेली मेणबत्ती करायची जुनी समजूत. रानात कोल्हे आहेत, बिज्जू आहेत, जनावराने ओढून नेली असतील हाडं, हे सरळ उत्तर कोणाला नको होतं. मग हेरांची थिअरी. १९५३ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनच्या पेपरला "ॲना" नावाने एका बाईचं पत्र आलं, तिचा नवरा आणि एक डच माणूस हेरगिरीत होते आणि त्यांनी त्या बाईला झाडात टाकलं, नवरा पुढे वेड्यांच्या इस्पितळात झाडातून बघणाऱ्या बाईची स्वप्नं बघत मेला, सांगाडा सापडायच्या आधीच. मग जोसेफ याकोब्स या जर्मन हेराचं नाव आलं, १५ ऑगस्ट १९४१ ला टॉवर ऑफ लंडनमध्ये ज्याला गोळ्या घातल्या, तिथला तो शेवटचा मृत्युदंड. त्याच्याकडे क्लारा बाउअर्ले या गायिकेचा फोटो होता, म्हणून बेला म्हणजे क्लारा असं बरीच वर्षं छापलं गेलं. पण क्लारा चांगली सहा फुटांच्या आसपास होती आणि ती डिसेंबर १९४२ मध्ये बर्लिनला वारली, कागद आहेत त्याचे. पाच फुटांची बाई सहा फुटांची कशी होईल, हे कोणीतरी आधीच विचारायला हवं होतं.

आणि सांगाडा? तो गहाळ आहे. पोस्टमॉर्टेमचे कागदही. आज डीएनए तपासून पाच मिनिटांत... बरं पाच मिनिटांत नाही, पण तिच्या लेकराच्या लेकरांपर्यंत पोहोचता आलं असतं. मला याचा राग येतो, खरंच येतो.

परतीच्या गाडीत आई गप्प होती. मी लहान असताना गावाला गेलं की मळ्यातल्या विहिरीकडे जायचं नाही, तिथे हडळ आहे असं सगळे सांगायचे, ते मला आठवलं, मी तसं बोललेही. आईने खिडकीबाहेर बघत नुसतं "हं" केलं.

दिवस दुसरा, रविवार

आज गाडी, नवरा ड्रायव्हिंगला. स्ट्रॅटफर्डच्या पुढे लोअर क्विंटन. दोन्ही बाजूंनी पिवळीधमक शेतं, मोहरीच्याच जातीचं पीक. गाव देखणं आहे, गवताने शाकारलेली घरं, काळ्या लाकडी चौकटीची घरं, चर्चचा उंच निमुळता मनोरा, आणि मागे मीऑन हिल. टेकडी काही मोठी नाही, दोनशे मीटरही नाही, आपल्याकडे तिला कोणी नावही दिलं नसतं, पण सपाट मुलखात ती सगळीकडून दिसते. सैतानाने ईव्हशमच्या मठावर ढेकूळ भिरकावलं ते मध्येच पडलं, तीच ही टेकडी, अशी दंतकथा. आपल्याकडे भीमाच्या नावाने असतात तशा.

इथे १४ फेब्रुवारी १९४५ ला चार्ल्स वॉल्टन यांचा खून झाला. वय ७४, संधिवात, काठी घेऊन चालायचे, तरी मजुरीवर कुंपणाच्या झुडपांची छाटणी करायचे. त्या दिवशी आल्फ्रेड पॉटर यांच्या फर्स फार्मवर काम होतं. पुतणी एडिथ संध्याकाळी कामावरून घरी आली तर काका नाहीत. शेजाऱ्याला घेऊन ती अंधारात शोधायला निघाली, वाटेत पॉटरला सोबत घेतलं, आणि टॉर्चच्या उजेडात कुंपणाशी ते सापडले. त्यांच्याच काठीने मारलेलं, त्यांच्याच कोयत्याने गळा चिरलेला, आणि गवत उचलायच्या लोखंडी काट्याची (पिचफोर्कची) दोन टोकं मानेच्या दोन बाजूंनी जमिनीत रुतवलेली. पोस्टमॉर्टेम कोणी केलं असेल? तेच प्रोफेसर वेबस्टर. हॅग्लीला दोन वर्षांपूर्वी तेच होते. दोन प्रकरणांतला मला पटणारा संबंध एवढाच.

स्कॉटलंड यार्डचे रॉबर्ट फेबियन आले, त्या काळातले सगळ्यात नावाजलेले डिटेक्टिव्ह. विमानातून फोटो काढले, वॉल्टनचं खिशातलं घड्याळ गायब होतं म्हणून सैन्याचे सुरुंगशोधक यंत्रवाले आणले, लाँग मार्स्टनच्या छावणीतल्या इटालियन युद्धकैद्यांना दुभाष्यामार्फत विचारलं. घड्याळ नाही मिळालं. ते १९६० मध्ये वॉल्टनच्याच घरामागे सापडलं! पॉटरच्या जबाबात वेळा जुळत नव्हत्या, फेबियनच्या अहवालात त्याच्यावर संशय आहे, पण पुरावा नाही, खटला नाही. संपलं.

म्हणजे पोलिसांपुरतं संपलं. लोकांच्या तोंडी तिथून पुढे सुरू झालं. वॉल्टन पक्ष्यांशी बोलायचे, बेडूक पाळायचे, म्हणून मांत्रिक होते. एका पाद्र्याने युद्धाआधी छापलेल्या लोककथांच्या पुस्तकात १८८५ मधल्या एका नांगऱ्या पोराची गोष्ट आहे, घरी येताना त्याला नऊ संध्याकाळी कुत्रा दिसला, शेवटी बिनमुंडक्याची बाई दिसली, दुसऱ्या दिवशी त्याची बहीण वारली. पोराचं नाव चार्ल्स वॉल्टन. झालं, तोच हा, असं धरून चालले. छातीवर क्रूस कोरला होता असंही पुस्तकांतून येतं, वेबस्टरच्या तपासणीत तसं काही नाही. फेबियननेही काळ्या जादूचं वातावरण रंगवलं ते नंतरच्या आठवणींत, तेव्हाच्या अहवालात नाही. १९५० मध्ये मार्गरेट मरे चित्रकार असल्याचं भासवून या गावात राहून गेल्या, वय ८६, आणि नरबळीचा निष्कर्ष घेऊन परतल्या.

मला विचाराल तर ज्याने कोणी हे केलं त्याला या गोष्टींनी उन्हात सावली धरली. चेटूक म्हटलं की कोणाला उधारी, भांडण, पैसा आठवत नाही.

टेकडी खाजगी असल्याने पायथ्याच्या वाटेने चाललो. कुंपणाची झुडपं नुकती पालवलेली. नवऱ्याने एक फांदी दाखवली, इथली छाटणी म्हणजे खोड अर्धवट कापून ते आडवं वाकवून विणत न्यायचं, तोडायचं नाही, मग तेच जिवंत कुंपण होतं. कोयत्याचा तो तिरका घाव जुन्या खोडावर अजून स्पष्ट दिसतो, वर साल गोल वळून आलेली. आई शेतकऱ्याच्या घरातली, ती त्या घावावरून अंगठा फिरवत बराच वेळ उभी होती. म्हणाली, "७४ व्या वर्षी हे काम. फेब्रुवारीच्या थंडीत. आणि लोक म्हणतात मांत्रिक."

चर्चमध्ये ईस्टरची घंटा झाली, लोक नवे कपडे घालून बाहेर येत होते. आम्ही कोणाला काही विचारलं नाही. सणाच्या दिवशी परक्याने येऊन त्यांच्या गावचा खून काढायचा, ते बरं दिसलं नसतं.

दिवस तिसरा, सोमवार

रात्री स्ट्रॅटफर्डजवळ राहिलो (जेवण वाईट, खोली चांगली) आणि सकाळी लाँग कॉम्प्टन. हे गाव चेटकिणींचंच म्हणून प्रसिद्ध, गवताची भरलेली गाडी टेकडीवर ओढून नेता येईल एवढ्या चेटकिणी इथे आहेत अशी म्हण होती. चर्चच्या फाटकावर एक छोटंसं दुमजली घर आहे, गवताचं छप्पर असलेलं, त्याच्या खालून आत जायचं, फार गोड.

१५ सप्टेंबर १८७५ ला इथे ॲन टेनंट नावाच्या ऐंशीच्या आसपासच्या म्हातारीला जेम्स हेवूड या शेतमजुराने गवत उचलायच्या काट्याने भोसकलं. ती पाव आणायला बाहेर पडली होती. त्याचं म्हणणं, ही चेटकीण आहे, गावात अजून पुष्कळ आहेत, सगळ्यांना मारीन. कोर्टाने त्याला वेडा ठरवलं आणि तो ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या इस्पितळात राहिला. घाव तिच्या पायांवर आणि डोक्यावर होते. पण वॉल्टन प्रकरणानंतर तिची गोष्ट सांगताना लोकांनी तिलाही मानेतून जमिनीला खिळवलं, म्हणजे दोन्ही खून सारखे दिसावेत! मेलेल्या म्हातारीचे घाव हलवले. मला हे वाचून त्या काट्यापेक्षा जास्त वाईट वाटलं होतं.

आईला हे ऐकून नवल वाटलं नाही. नंदुरबारकडे डाकीण ठरवून बायकांना मारतात, त्यासाठी आपल्याकडे २०१३ मध्ये कायदा करावा लागला, हे तिला पाठ आहे, ती शिक्षिका होती.

वर टेकाडावर रोलराइट स्टोन्स. थोडंसं तिकीट. ऑक्सफर्डशर आणि वॉरिकशरच्या सीमेवर तीन जागा आहेत, किंग्ज मेन म्हणजे सत्तरेक दगडांचं रिंगण, पलीकडे रस्त्यापार एकटा किंग स्टोन, आणि खाली शेतात एकमेकांकडे झुकलेले व्हिस्परिंग नाइट्स. गोष्ट अशी की एका राजाला चेटकिणीने सांगितलं, सात ढांगा टाक, लाँग कॉम्प्टन दिसलं तर इंग्लंडचा राजा होशील. त्याने टाकल्या, पण समोर जमीन फुगून वर आली, गाव दिसलं नाही, आणि सगळे दगड झाले. दगड मोजले तर दरवेळी वेगळा आकडा येतो म्हणतात. नवऱ्याने मोजले, ७४. परत मोजले, ७६. दगड चुनखडीचे, इतके झिजलेले की भोकं पडलीयेत, हात लावला तर कुरुंदासारखे खरखरीत, वर राखाडी आणि केशरी दगडफूल. हे रिंगण चार-साडेचार हजार वर्षांचं. तिथे वारा भन्नाट होता.

आम्ही किंग स्टोनच्या बाजूला बाकावर बसून उरलेला चहा प्यायलो. नवरा फोटो काढायला गेला होता. आणि आई मला म्हणाली, विहिरीतली ती हडळ नव्हती गं.

मी काही बोलले नाही. ती सांगत गेली. ती माझ्या चुलत आजोबांची सून होती, लग्नाला दोन वर्षं झालेली, मूल नव्हतं. आई तेव्हा नवीन नवरी, पहाटे पाण्याला गेलेल्या बायकांनी त्या सुनेला विहिरीत बघितलं. पाय घसरला असं सगळ्यांनी सांगितलं, पंचनामा झाला, तेराव्याच्या आधीच पोरांना कोणीतरी सांगायला लागलं की विहिरीवर हडळ आहे, जाऊ नका. "माझ्याही तोंडून तेच निघायचं," आई म्हणाली. "तुलाही मीच सांगितलं. तेच सोपं होतं. तिची एक चप्पल काठावर नीट ठेवलेली होती, मी बघितली होती. एकच. मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही."

मी तिला त्या बाईचं नाव विचारलं. आईला थांबावं लागलं नाही, तिने माहेरच्या आडनावासकट लगेच सांगितलं, आणि गावही. मी ते इथे लिहीत नाहीये कारण तिचा भाऊ अजून आहे, आणि आधी त्याच्याकडे जाऊन यायचंय, आईच म्हणाली तसं. परतीचं तिकीट जूनमधलं आहे. येताना गाडीत तिने पर्समधून ते डॅफोडिल काढलं, पार मलूल झालं होतं, ते डॅशबोर्डवर ठेवलं आणि बर्मिंगहॅम येईपर्यंत झोपली.